उन्हाळा भाड्याने देण्याआधी : आमच्या मंडळीच्या पंचांना खुले पत्र

प्रति,
पंच कमिटी, पाळकसाहेब आणि मंडळीचे सर्व लहानथोर सभासद,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

मागच्या रविवारी उपासना संपता संपता चार सूचना एका दमात वाचल्या गेल्या. यंदाची व्हीबीएस, म्हणजे सुटीतली मुलांची बायबल शाळा, दहा दिवसांऐवजी तीन दिवसांची. ती शाळा इंग्रजी धड्यांचं किट आणून घ्यायची, कारण पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मुलांना मराठी वाचता येत नाही. मे महिनाभर सभागृह एका शिकवणीवर्गाला भाड्याने दिलं आहे. आणि उकाड्यामुळे अंगणातल्या संध्याकाळच्या प्रार्थनासभा पाऊस पडेपर्यंत बंद. लगेच आशीर्वाद झाला आणि आपण सगळे व्हरांड्यात चपला शोधायला लागलो. मीही शोधली. घरी येऊन माठातलं पाणी प्यायले, पंख्याखाली टेकले, तेव्हा कुठे लक्षात आलं की या चार सूचनांत आपला अख्खा उन्हाळा गेला.

म्हणून हे पत्र. व्हरांड्यातल्या फळ्यावर लावणार आहे, कारण एकेकाच्या कानात सांगत बसले तर पुढच्या रविवारपर्यंत एकाच्या चार गोष्टी होतील. रागाने लिहीत नाही. पंचांपैकी तिघे माझ्याच सतरंजीवर बसून वचनं पाठ करायला शिकले आहेत. त्यातल्या एकाला योहान तीन सोळा हे वचन यायला तीन उन्हाळे लागले होते, तो कोण ते मी लिहीत नाही, त्याला माहीत आहे.

सत्तावीस उन्हाळे मी ही शाळा घेतली. त्याआधी मी स्वतः तिथे मूल म्हणून बसले होते. तेवढाच माझा अधिकार, शिवाय एका सभासदाचं एक मत.

आपली बॅप्टिस्ट मंडळी किती लहान आहे हे बाहेरच्यांना सांगताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, एक खोलीवजा देऊळ, मागे सभागृह, मध्ये कडुनिंब. जुलै ते मार्च बाकांवर मोजकीच डोकी असतात आणि त्यात निम्मी माझ्या वयाची. पोरं शिकली, नोकऱ्यांना गेली, त्यात वाईट काही नाही, आपणच शिकवलं त्यांना. पण एप्रिल संपत आला की रात्रीच्या गाडीने नातवंडं उतरू लागतात. पहिल्या रविवारी कोणाची तरी नात आजीच्या मांडीवर झोपलेली असते, कोणाचा नातू पुठ्ठ्याने वारा घेत पाळकांकडे असा बघत असतो की हे किती वेळ चालणार. दुसऱ्या रविवारी तोच नातू दानाची थैली फिरवायला मागतो. आपल्या विदर्भात शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे शहरातली मुलं परत जाईपर्यंत ती आणि गावातली मुलं एकत्र असतात. लोकांना दिवाळीत घर भरलेलं दिसतं, नाताळात देऊळ भरलेलं दिसतं. आपलं देऊळ मे महिन्यात भरतं. नाताळला येणारे दोन दिवसांत परत जातात, उन्हाळ्यात येणारे राहतात.

आणि राहतात कुठे, तर या आगीत. ते मी विसरलेले नाही. आपल्या देवळातले चार कुलर म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण आहे. दर एप्रिलमध्ये त्यांचं गवत बदलायचं यावर मीटिंग होते, आणि कोणत्या बाकाला वारा लागतो यावर न बोलता मीटिंग होते. पुढचा डावीकडचा कुलर ज्येष्ठांचा. खिडकीजवळचा महिला मंडळाचा. मागचा नुसता आवाज करतो, म्हणून तरुण संघाला दिला आहे. जुन्या पाळकांचा आवाज चारही कुलरांना पुरून उरायचा. आत्ताच्या पाळकसाहेबांना माइक लागतो, तो त्यांचा दोष नाही. पण तुम्हाला आठवत असेल, गाण्याच्या मध्येच लाइट जाते, चारही कुलर एकदम गप्प होतात, ढोलकी आणि टाळ तेवढे उरतात आणि आपल्याला अचानक एकमेकांचे आवाज ऐकू येतात. शेजारची बाई इतकं सुरात म्हणते हे मला असंच एका मे महिन्यात कळलं. तिच्याशेजारी मी अकरा वर्षं बसत होते.

आता व्हीबीएसकडे येते.

ही शाळा सुरू कशी झाली ते पंचांनी एकदा आठवावं. १८९८ साली न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला एलायझा हॉज नावाच्या एका बॅप्टिस्ट बाईने पाहिलं की उन्हाळ्यात शाळा बंद पडल्या की गरिबांची मुलं दिवसभर रस्त्यावर भटकतात. तिने मुलांसाठी रोजची शास्त्रशाळा, म्हणजे बायबलची शाळा, भरवली. जागा? एक बिअर हॉल भाड्याने घेतला. दुसरी जागा मिळेना. तीन वर्षांनी, १९०१ मध्ये, रॉबर्ट बोव्हिल या बॅप्टिस्ट कार्यकर्त्याने तीच कल्पना उचलली आणि शहरात आणखी ठिकाणी अशा शाळा काढल्या. तिथून ती जगभर गेली. म्हणजे ज्या कामाची सुरुवात दारूच्या हॉलमध्ये झाली, ते आपलं सभागृह भाड्याने गेलं म्हणून अडू नये. सभागृह नसेल तर नसो. कडुनिंब तर भाड्याने गेलेला नाही ना?

शिकवणीवर्ग दहा वाजता उघडतो, मी जाऊन विचारून आले. आपली शाळा सकाळी साडेसहाला भरली पाहिजे आणि नऊला सुटली पाहिजे. खरं तर ती पहिल्यापासून याच वेळेला हवी होती. ती वेळ चुकीची ठेवली ती मीच, आणि त्याची कबुली मी आज लेखी देते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. समारोपाचा कार्यक्रम मोठा करायचा म्हणून मी मुलांना दुपारी तालमीला थांबवलं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. पत्र्याखाली पन्नासेक मुलं, अंगावर चादरींचे झगे, डोक्याला पंचे, कोणी मेंढपाळ, कोणी ज्ञानी. त्यातला एक मेंढपाळ, नऊ वर्षांचा, उभ्या उभ्या खाली बसला आणि मग आडवाच झाला. आम्ही त्याला सावलीत नेलं, कपडे सैल केले, ओल्या पंच्याने अंग पुसलं. शुद्धीवर आल्यावर घोट घोट साखर-मिठाचं पाणी दिलं आणि दवाखान्यात नेलं. संध्याकाळी तो घरी आंबा खात बसला होता. मी मात्र दोन दिवस जेवले नाही. त्या दिवसापासून लिटरभर पाण्याला सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ हे प्रमाण मी वचनांबरोबर पाठ करून घेते. हवामान खातं आपल्यासारख्या मैदानी भागात पंचेचाळीस अंशांना सरळ उष्णतेची लाट म्हणतं, आणि तो आकडा आपल्याला मेमध्ये काही नवलाचा नाही. तेव्हा 'उन्हाची भीती आहे' असं पंच म्हणतात ते खरंच आहे. पण उन्हावर उतारा म्हणून तुम्ही दिवस कापलेत. कापायचे होते तास.

तीन दिवसांत काय होतं ते सांगते. पहिल्या दिवशी शहरातली मुलं एका बाजूला बसतात, गावातली दुसऱ्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी कोणीतरी कोणाला तरी ढकलतं, भांडण होतं, आणि तिथून ओळख सुरू होते. तुमची शाळा नेमकी तिथे संपणार. दहा दिवस मी काही हौसेने धरले नव्हते. चौथ्या दिवसापासून मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालतात, सहाव्या दिवशी घरी जायला नको म्हणतात, आठव्या दिवशी असा प्रश्न विचारतात की ज्याचं उत्तर मला येत नाही. त्या आठव्या दिवसासाठी बाकीचे सात.

असाच एक प्रश्न सांगते. याकोबाच्या विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट चालली होती. येशू दमून विहिरीपाशी बसला होता, दुपारचे बारा वाजले होते, एक बाई पाणी भरायला आली. मी आपली गोष्टीत पुढे, येशू म्हणतो त्या जिवंत पाण्याकडे, निघाले होते, तेवढ्यात मागून एक पोरगी म्हणाली, "दुपारी बारा वाजता पाणी भराले कोन जाते, बाई?" मी थांबले. खरंच, कोण जातं? आपल्याकडे बाया पहाटे जातात, नाहीतर दिवस कलल्यावर. मग तीच म्हणाली, "तिच्यासंगं कोनी बोलत नसन. म्हनून सगळ्या बाया येऊन गेल्यावर गेली असन." मोठमोठी पुस्तकं वाचून उपदेश करणारे हेच सांगतात, फक्त चार पानांत सांगतात. तिला ते कळलं कारण ती स्वतः हंडा घेऊन जाते आणि दुपारचं ऊन काय असतं हे तिच्या टाळूला ठाऊक आहे. पुण्याहून आलेला एक मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या घरी पाणी नळातून येतं, त्यामुळे त्याला त्या गोष्टीत विहीर दिसली होती, ऊन दिसलं नव्हतं.

आता ते किट. गेल्या वर्षी दुसऱ्या एका मंडळीतून त्याचा नमुना आला होता, मी चाळला. रंगीत आहे, कागद चांगला आहे. पहिल्याच पानावर हसरा सूर्य, समुद्राचा किनारा, आणि मुलं उन्हात नाचताहेत. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य हसतो असं म्हणणाऱ्या माणसाला आम्ही आधी सावलीत बसवू. पवित्र शास्त्रातला सूर्य आपल्या ओळखीचा आहे. योना संदेष्ट्याच्या डोक्यावरची वेल वाळते आणि वर गरम वारा सुटतो, तेव्हा तो मरण मागतो. आपल्या पोरांना ते समजावून सांगावं लागत नाही. आपलं हवामान त्या गोष्टींच्या जवळचं आहे, आणि आपण मात्र मुलांना दुसऱ्याच देशाच्या सुटीची चित्रं रंगवायला देणार?

इंग्रजीला माझा विरोध नाही. माझीच नातवंडं इंग्रजीत भांडतात. पण सतरंजीवर कोण कोण बसतं ते मोजा. वऱ्हाडी बोलणारी गावची मुलं. मेळघाटातून नातेवाइकांकडे येणारी कोरकू मुलं, ज्यांची घरची भाषा मराठीच्या कुळातलीसुद्धा नाही, ती मुंडा कुळातली. त्यांना मराठीच शाळेत शिकावी लागते. आणि शहरातली, ज्यांना मराठी समजते पण वाचता येत नाही. या तिघांना एकत्र बसवणारी भाषा कोणती? मोडकी का होईना, मराठीच. एका वर्षी एका कोरकू मुलाने सगळ्यांना सांगितलं की ते पाण्याला 'डा' म्हणतात. त्या दिवसापासून माठाजवळ गेलेलं प्रत्येक पोर, पुण्याचं असो की इथलं, 'डा दे, डा दे' करत होतं. पळसाच्या पानांचे द्रोण लावायला त्याच मुलाने शिकवलं, आणि आमचा हस्तकलेचा तास फुकटात झाला.

आणि बॅप्टिस्टांनी मराठीला कमी लेखावं हे तर मला हसू आणणारं वाटतं. विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी मुळात मोची, धंद्याने चांभारकाम करणारा. १७९३ मध्ये बंगालात उतरला. महाराष्ट्रात तो राहिला नाही, तरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवू लागला, वैजनाथ पंडितांची मदत घेऊन मराठीचं व्याकरण लिहिलं, ते १८०५ मध्ये श्रीरामपूरहून निघालं. आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, हुगळीकाठचं. १८१० मध्ये शब्दकोश आला. छापलेलं मराठी व्याकरण हातात देणारा तो पहिल्यांतला माणूस, आणि तो बॅप्टिस्ट होता. दोनशे वर्षांनी त्याच्याच पंथाची मंडळी सातपुड्याखाली बसून म्हणते की मुलांना मराठी झेपत नाही!

शहरातल्या मुलांना मराठी वाचता येत नसेल तर त्यांना शिकवू. दहा दिवसांत अक्षर ओळख होते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलं आहे, मला माहीत आहे. तीन दिवसांत मात्र होत नाही.

पैशाचं बोलू. छताचा पत्रा बदलायचा आहे, त्यासाठी भाडं घेतलं, हे मला पटतं. शिकवणीवर्गालाही मी वाईट म्हणत नाही, तिथे शिकणारी मुलंही कोणाची तरीच आहेत. पण महिला मंडळाला विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की त्याच मे महिन्यात सभागृहाच्या गच्चीवर आमच्या कुरडया वाळत असतात, आणि त्या विकून आलेले पैसे दरवर्षी आपल्याच खात्यात पडतात. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटून चीक काढायचा, पहाटे चार वाजता चुलीवर मोठं पातेलं चढवायचं आणि ऊन चढायच्या आत सोऱ्याने गच्चीवर घालून मोकळं व्हायचं. कावळ्यांना भीती म्हणून कोपऱ्यात एक काळी छत्री उघडून ठेवायची. गरम चीक खायला व्हीबीएसची पोरं तासभर आधीच हजर असतात, हजेरीची मला कधी काळजी पडली नाही. गच्ची भाडेपट्ट्यात आहे की नाही? हे कागदावर स्पष्ट करून घ्या, कारण गहू मी आणून ठेवले आहेत.

अंगणातल्या सभांबद्दल मात्र मला खरंच वाईट वाटलं. त्या बंद करायचं कारण उकाडा सांगितलं, आणि मला कळेना. उकाडा घरात असतो. अंगण रात्री आठनंतर निवतं, सडा टाकला की मातीचा वास सुटतो, म्हणून तर आपल्या वाडवडिलांनी या सभा उन्हाळ्यात अंगणात ठेवल्या. आज एकाच्या घरी, उद्या दुसऱ्याच्या. बाजा टाकायच्या, एक दिवा, ढोलकी, कैरीचं पन्हं. पाळक नसले तरी चालतं, कोणीही शास्त्र वाचतं. शेजारपाजारचे आपापल्या अंगणात बाजेवर पडलेले असतात. ते काही आपल्या सभेला येत नाहीत, पण ऐकतात. आमच्या शेजारची आजी सभा झाल्यावर कुंपणावरून विचारायची, "काहो बाई, आज थे वालं गानं नाई म्हटलं?" तिला आवडायचं ते भजन आम्ही शेवटी म्हणायचो, मुद्दाम. ती गेली त्या वर्षी तिच्या सुनेने आम्हाला बोलावून घेतलं, तेवढं एक गाणं म्हणायला. आपल्यासारखी लहान मंडळी गावात राहते ती अशी, कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी. सभा देवळाच्या भिंतीआड गेल्या तर त्या आपल्यालाच ऐकू येतील.

एक गोष्ट अशी आहे जी सूचनांमध्ये नव्हती पण कानावर आली : मे महिन्यातले बाप्तिस्मे पावसाळ्यानंतर घ्यायचे ठरते आहे. यात मी पंचांच्या बाजूने आहे, हेही लिहून ठेवते, म्हणजे बाई सगळ्यालाच नाही म्हणते असं व्हायला नको. आपण बाप्तिस्मा बुडवून देतो. पूर्वी नदीच्या डोहात व्हायचे. डोह आटू लागला तेव्हा व्यासपीठाच्या फळ्यांखाली हौद बांधला. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, साडेतीन फूट पाणी, म्हणजे जवळजवळ चार हजार लिटर. गावात नळ तिसऱ्या दिवशी येतो तेव्हा एका सकाळसाठी टँकर बोलावणं मला कधीच बरं वाटलं नाही. आमच्या वेळी निदान एक करायचो : कार्यक्रम झाला की सगळी मुलं रांगेत उभी राहायची, हातोहात बादल्या जायच्या आणि हौदातलं सगळं पाणी कडुनिंबाला, लिंबाला आणि पाळकांच्या घरामागच्या पपईला. शेवटची बादली एकमेकांच्या डोक्यावर. कोणीतरी पंचांकडे तक्रार केली की देवळात दंगा चालला आहे, तर तेव्हाचे सर्वांत म्हातारे पंच म्हणाले होते, "पोट्टे हायत थे. देवळात नाई खिदळतीन त कुठं खिदळतीन?" बाप्तिस्मे ऑक्टोबरात घ्या. डोहात पाणी असेल तर डोहातच घ्या. मात्र ज्यांना घ्यायचा आहे त्यांची तयारी मेमध्येच होते, हे विसरू नका. आपल्याकडे बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. मूल मोठं होऊन स्वतः उभं राहून म्हणतं की मला हवा आहे. हे म्हणण्याचं धैर्य कुठून येतं? बाप्तिस्म्याचं रजिस्टर उघडा, नावं वाचा आणि त्यातलं कोण कोण माझ्या, किंवा माझ्या आधीच्या बाईंच्या, सतरंजीवर बसलं होतं ते स्वतःच मोजा.

तरुण संघाच्या चिखलदऱ्याच्या शिबिरावर बोलत नाही. ते कोणी बंद केलेलं नाही आणि करणारही नाही, कारण वर गार हवा आहे आणि पंचांनाही बरोबर जायचं असतं. फक्त घाटात गाडीच्या टपावर कोणाला बसू देऊ नका.

आता मूळ मुद्दा. या चार सूचना देण्याआधी सभासदांची सभा झाली नाही. आपल्यावर बिशप नाही. वरून हुकूम येत नाही, यायलाही नको. आपल्या पंथात मंडळी म्हणजे सभासद, आणि निर्णय सभासदांचा. पंच कमिटी सेवेसाठी निवडलेली, मालकीसाठी नव्हे. थॉमस हेल्विस नावाचा माणूस १६१२ मध्ये ॲमस्टरडॅमहून लंडनला परतला आणि त्याने स्पिटलफिल्ड्सला इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी केली. त्याने खुद्द राजा जेम्सला लिहून कळवलं की राजा हा मर्त्य माणूस आहे, देव नाही, आणि लोकांच्या सदसद्विवेकावर त्याची सत्ता चालत नाही. त्याचा शेवट न्यूगेटच्या तुरुंगात झाला. मी तर फक्त पंच कमिटीला लिहिते आहे, माझं काय होईल, फार तर महिला मंडळाच्या कुलरचा वारा बंद होईल.

तेव्हा माझं मागणं असं. येत्या रविवारी उपासनेनंतर अर्धा तास सभासदांची सभा घ्या. शिकवणीवर्गाचा करार राहू द्या, दिलेला शब्द मोडायचा नाही. व्हीबीएस दहा दिवस, सकाळी साडेसहा ते नऊ, कडुनिंबाखाली, मराठीत, हवी तर गाणी तिन्ही भाषांत. किटचे पैसे वाचतील त्यात माठ, साखर, मीठ आणि पंचे येतात. संध्याकाळच्या सभा रात्री आठनंतर, ज्यांच्या अंगणात जागा आहे त्यांच्याकडे. पहिली माझ्याकडे. मतदान हात वर करून घ्या, आणि बारा वर्षांवरच्या बाप्तिस्मा झालेल्या मुलांचेही हात मोजा, तीही सभासद आहेत. गेल्या वेळी ती मोजायची राहून गेली होती.

सभेने तीन दिवसच ठरवले तर मी तीन दिवस शिकवीन आणि कुरकुर करणार नाही. थोडी करीन.

या वर्षी मला जमिनीवर बसून उठता येत नाही, म्हणून शिकवायला दोन तरुण मुली तयार केल्या आहेत. दोघी आपल्याच. एक नागपूरहून सुटीला येते, दुसरी इथेच बी.ए. करते. त्यांना चिडवू नका. मी बाजूला खुर्ची टाकून बसेन आणि माठ भरलेला आहे की नाही एवढंच बघेन.

दोन माठ आठवडी बाजारातून आणून ठेवले आहेत, पाझरू द्यायला भरून ठेवायला हवेत. झाडाखालची जागा शनिवारी झाडून घेते. मागच्या फाटकाची चावी सध्या कोणाकडे आहे तेवढं कळवा.

आपली बहीण,
रविवारच्या शाळेची जुनी शिक्षिका आणि या मंडळीची एक सभासद